वॉल्व्हच्या ऑपरेशननंतर पुन्हा त्रास सुरू झालाय? वायरने होणारे उपचार, पायरी पायरीने

आईच्या छातीत 2010 पासून मेटलचा मायट्रल वॉल्व्ह आहे (मायट्रल म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली झडप), लहानपणी सांधे धरणारा ऱ्हुमॅटिक ताप येऊन गेलेला त्याने तिची मूळची झडप खराब झाली होती. रात्री लाईट गेली आणि पंखा थांबला की तो वॉल्व्ह टिकटिक ऐकू येतो, नातवंडं म्हणायची आजीने घड्याळ गिळलंय. बारा वर्षं घड्याळ नीट चाललं. मग जिना चढताना दम, संध्याकाळी पायाला सूज, डोळे किंचित पिवळे आणि सकाळची लघवी कोऱ्या चहासारखी. आम्ही काय केलं तर सात महिने रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या, कारण तालुक्याला सगळ्यांनी तेच सांगितलं, एकाने मूळव्याधीचं पण निदान केलं. हिमोग्लोबिन 7 वर आल्यावर पुण्याला नेलं तेव्हा कळलं की वॉल्व्ह एकदम ठणठणीत आहे, त्याची शिवण एका बाजूने उसवलीय. ती पुन्हा छाती न उघडता, जांघेतून वायर घालून बंद केली.

मी डॉक्टर नाही. पण त्या धावपळीत जे कळलं, विचारून विचारून डोक्यात बसलं ते लिहितोय, कारण तेव्हा आम्हाला असं कुणी मराठीत सांगणारं भेटलं नाही.

आधी नेमकं काय बिघडलंय ते विचारा

"वॉल्व्ह खराब झालाय, वायरने होईल का?" असा प्रश्न विचारू नका, याला उत्तरच नाही. वॉल्व्ह बसवल्यावर पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टी बिघडू शकतात आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा, काही वायरने होतात, काही होत नाहीत, एक तर अशी आहे की तिथे कॅथ लॅबचं काम फक्त बघायचं असतं, मुळात वायरही लागत नाही.

लवकरचे त्रास म्हणजे ऑपरेशननंतर पहिल्या काही आठवड्यांतले. एक म्हणजे हृदयाभोवती पाणी किंवा रक्त साचणं. हे बऱ्याचदा डिस्चार्ज झाल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात होतं, कारण तोपर्यंत रक्त पातळ करायची गोळी चालू झालेली असते. पेशंट म्हणतो जेवण जात नाही, मळमळतंय, गळून गेल्यासारखं वाटतंय, आणि घरचे म्हणतात एवढं मोठं ऑपरेशन झालंय, होणारच. असं गृहीत धरू नका. बीपी कमी, नाडी जलद आणि दम असं एकत्र दिसलं तर त्याच दिवशी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. पाणी जास्त असेल तर छातीच्या मधल्या हाडाच्या खालून सुई घालतात, त्यातून वायर, वायरवरून डुकराच्या शेपटीसारखी वळलेली एक बारीक नळी, तिला पिगटेलच म्हणतात. जागा बधिर करून होतं, पाणी निघालं की पेशंटला टेबलवरच मोकळं वाटतं. मात्र रक्ताच्या गाठी झालेल्या असतील किंवा पाणी हृदयाच्या मागच्या बाजूला अडकलं असेल तर सुई पोचत नाही, मग सर्जनला छोटंसं उघडावं लागतं.

दुसरं, नाडी खूप मंद होणं. झडपेच्या शेजारूनच हृदयाची वायरिंग जाते, टाके घालताना किंवा सुजेने ती दबते. सर्जन बहुतेक वेळा ऑपरेशनमध्येच तात्पुरत्या पेसिंगच्या तारा बाहेर काढून ठेवतात, त्यावर काही दिवस काम चालतं, साधारण आठवडाभर वाट बघून वायरिंग सुधारली नाही तर डाव्या कॉलरबोनखाली कायमचा पेसमेकर. याला घाबरायचं फार कारण नाही. एकच विचारून घ्या, उजव्या बाजूच्या ट्रायकस्पिड झडपेच्या जागी मेटल वॉल्व्ह असेल तर पेसमेकरची तार त्यातून नेता येत नाही, दुसरी वाट काढावी लागते.

उशिराचे त्रास तीन मोठे. टिश्यू वॉल्व्ह, म्हणजे गाईच्या किंवा डुकराच्या ऊतीपासून केलेला, तो झिजतो. मेटल वॉल्व्ह झिजत नाही पण त्यावर गुठळी बसून तो अडकतो. आणि दोन्ही प्रकारांत काठाची शिवण सुटून बाजूने रक्त मागे गळतं, डॉक्टर याला पॅराव्हॉल्व्ह्युलर लीक म्हणतात, फाईलवर पीव्हीएल लिहिलेलं असतं. थोडीफार गळती बऱ्याच जणांना असते आणि तिला काही करावं लागत नाही, त्रास देणारी गळती शंभरातल्या एक ते पाच जणांना. मायट्रलला जास्त, एऑर्टिकला (एऑर्टा म्हणजे हृदयातून निघणारी मोठी धमनी, तिच्या तोंडाशी असलेल्या झडपेला) कमी. आणखी काही गोष्टी क्वचित होतात, हृदयाच्या रक्तवाहिनीचं तोंड आवळणं (तिथे स्टेंट), डाव्या खालच्या आणि उजव्या वरच्या कप्प्यात भोक पडणं (तिथे बटण, म्हणजे भोक बुजवायची जाळीची गुंडी), त्यावर इथे जास्त लिहीत नाही.

मेटल वॉल्व्ह अडकला तर

हे आधी लिहितो कारण इथे वेळ नसतो. गोळ्या चुकल्या, आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीतला आकडा) घसरला, आणि अचानक दम लागला, किंवा घरच्यांना टिकटिक ऐकू येईनाशी झाली, तर दुसऱ्या दिवसाची अपॉइंटमेंट वगैरे काही नाही, सरळ इमर्जन्सी. कॅथ लॅबच्या (जिथे अँजिओग्राफी करतात त्या खोलीतल्या) एक्सरे मशीनखाली दोन मिनिटांत दिसतं की वॉल्व्हच्या पाकळ्या पूर्ण उघडतायत की नाही, याला ना वायर लागते ना डाय. इलाज म्हणजे शिरेतून गुठळी विरघळवणारं औषध, हल्ली बरेच ठिकाणी कमी डोसमध्ये हळूहळू देतात, नाहीतर तातडीचं ऑपरेशन. बलून किंवा नवीन वॉल्व्ह आत घालणं हा उपाय मेटल वॉल्व्हला नाही. आणि एक, कुणीतरी सांगेल की आता नव्या गोळ्या आल्यात ज्यांना आयएनआर बघावा लागत नाही. मेटल वॉल्व्हवाल्यांसाठी त्या नाहीत, त्यातलं डॅबिगॅट्रान वापरून बघितलं होतं, गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढले म्हणून 2012 मध्ये ती चाचणीच थांबवलेली आहे. आपली ॲसिट्रॉम नाहीतर वॉर्फरिनच.

कागद शोधा, आजच

आमचे दोन आठवडे इथे गेले. मूळ ऑपरेशनच्या वेळी वॉल्व्हचं एक कार्ड मिळतं, पाकिटात मावेल एवढं, त्यावर कंपनी, मॉडेल, साईज मिलिमीटरमध्ये आणि सीरियल नंबर. आमचं कार्ड देव्हाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये लाईटबिलांच्या खाली निघालं. कार्ड नसेल तर जिथे ऑपरेशन झालं तिथल्या रेकॉर्ड रूममधून ऑपरेशन नोट मागा, डिस्चार्ज कार्ड नाही, ऑपरेशन नोट, त्यात सर्जनने झडपेचा काठ किती कडक होता, कॅल्शियम किती खरवडलं, टाके कुठले हे लिहिलेलं असतं. जुन्या नोंदी टिकतीलच याची खात्री नसते म्हणून आत्ता त्रास नसला तरी मागून ठेवा.

याचा उपयोग काय? टिश्यू वॉल्व्हच्या आत नवा वॉल्व्ह घालायचा तर जुन्याची आतली नेमकी मापं लागतात आणि ती मॉडेलवरून कळतात. शिवणीची गळती बंद करायची तर वॉल्व्ह एका तबकडीचा आहे की दोन पाकळ्यांचा हे लागतं. आपल्याकडे बऱ्याच जणांना चित्रा वॉल्व्ह आहे, त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत तयार झालेला, पहिला डिसेंबर 1990 मध्ये बसवला गेला, तो एका तबकडीचा. सेंट ज्यूड कंपनीचा दोन पाकळ्यांचा. बटण कुठल्या बाजूला बसवलं तर पाकळी अडकेल हे यावरून ठरतं.

गळती असेल तर तपासण्या कुठल्या

रक्त आधी. हिमोग्लोबिन तर आहेच, पण एलडीएच (लाल पेशी फुटल्या की हे वाढतं), बिलिरुबिन, रेटिक काउंट (नव्या लाल पेशी किती) आणि स्लाईडवर तुटलेल्या लाल पेशी दिसतात का हे बघायला सांगा. बारीक फटीतून रक्त जोरात पिचकारीसारखं जातं आणि लाल पेशी फुटतात, तेच लघवीला रंग आणतं. गंमत बघा, फट जितकी बारीक तितका रक्त फुटायचा त्रास कधीकधी जास्त, आणि फट मोठी असेल तर दम जास्त. लोह लघवीतून जातं म्हणून लोहाच्या गोळ्या आणि फोलिक ॲसिड लागतंच, ते चूक नव्हतं, चूक ही होती की सात महिने कारण कुणी शोधलं नाही.

मग इको. इथे लक्ष द्या, आमचा साधा इको दोनदा "नॉर्मल" आला होता. मेटल वॉल्व्हची सावली पडते, छातीवरून केलेल्या इकोत मायट्रलच्या मागची गळती त्या सावलीत लपते. म्हणून घशातून नळी घालून करतात तो इको, टीईई, आणि जमलं तर थ्रीडी. मेटलचा मायट्रल वॉल्व्ह, वाढलेलं एलडीएच आणि साधा इको नॉर्मल, असं असेल तर टीईई मागूनच घ्या.

थ्रीडीत डॉक्टर वॉल्व्हकडे घड्याळाच्या डायलसारखं बघतात. एऑर्टा 12 वाजता, डाव्या वरच्या कप्प्याला कानासारखी पिशवी असते ती 9 वाजता, दोन कप्प्यांमधला पडदा 3 वाजता. आमच्या रिपोर्टवर "10 ते 11 वाजता" असं होतं, आई म्हणाली म्हणजे स्वयंपाकाच्या वेळेला गळतंय. पण हे समजून घ्या कारण जागेवर सगळं अवलंबून आहे, वायर पडदा टोचून येते आणि पडद्याच्या जवळची फट असेल तर तिला लगेच उलटं वळावं लागतं, ते अवघड जातं. लांबची फट सोपी.

तिसरं म्हणजे इन्फेक्शन नाही ना. ताप, थंडी, वजन उतरणं असं काही असेल तर अँटिबायोटिक चालू करायच्या आधी ब्लड कल्चर, एक नाही, वेगवेगळ्या जागेवरून तीन. शिवण जंतूंनी खाल्ली असेल तर त्यावर बटण लावणं म्हणजे कुजलेल्या लाकडात खिळा. तिथे आधी अँटिबायोटिक आणि बहुतेक वेळा ऑपरेशनच. तसंच वॉल्व्ह अख्खा डुगडुगत असेल तरी वायरने होत नाही.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

आम्ही वहीत लिहून नेले होते. अशा केसेस इथे केल्यात का, किती? टेबलवर इको कोण धरणार? (हा प्रश्न ऐकून डॉक्टर हसले, म्हणाले बरोबर विचारलंत, माझ्यापेक्षा त्याचं काम मोठं.) सर्जन त्या वेळी बिल्डिंगमध्ये असतील का? किती डिव्हाइस लागतील? आणि नाही जमलं तर पुढे काय?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला सरळ मिळालं, चांगल्या हातात दहातल्या साधारण आठ जणांचं काम होतं, उरलेल्यांना फट ओलांडता येत नाही किंवा बटण पाकळीला अडतं म्हणून काढून घ्यावं लागतं. स्ट्रोक, हृदयाभोवती रक्त साचणं, बटण निसटून भलतीकडे जाणं, हे धोके सहीच्या कागदावर असतात, वाचून सही करा. दुसरीकडे पुन्हा छाती उघडणं हे पहिल्यापेक्षा अवघड, आतलं सगळं चिकटलेलं असतं. पण तरुण पेशंट, तब्येत चांगली आणि फट मोठी असेल तर सर्जरीच चांगली असं डॉक्टर म्हणू शकतात, तेव्हा "वायरनेच करा" असा हट्ट धरू नका.

आदल्या दिवशी

रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. कधी थांबवायची, त्याऐवजी रक्त पातळ ठेवणारी हेपरिनची इंजेक्शनं कधी सुरू, हे लिहून घ्या. शुगरची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल, किडनीचं क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर सांगा. दात हलत असतील, कवळी असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना दाखवा, घशात नळी दोन-तीन तास राहते. रक्ताची एक-दोन पिशवी राखून ठेवायला सांगतील. उपास रात्रीपासून.

पैशाचं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कव्हर आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत आहे, पण कव्हर असणं वेगळं आणि हाच उपचार त्या यादीत असणं वेगळं, हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडे प्रोसिजरचं नाव लिहून विचारा. एस्टिमेट लेखी घ्या आणि त्यात "प्रत्येक जादा डिव्हाइसचे" किती हे वेगळं लिहून घ्या, कारण एक लागेल की तीन हे टेबलवरच कळतं.

आत काय करतात

पूर्ण भूल. उजव्या जांघेतल्या शिरेतून नळी वर हृदयाच्या उजव्या कप्प्यात, तिथून सुईने पडदा टोचून डाव्या कप्प्यात. मग हवी तशी वळवता येणारी एक नळी, तिच्यातून वायर, आणि इकोवर बघत बघत ती वायर त्या फटीतून पलीकडे. बहुतेक वेळ इथेच जातो, आमचे दोन तास यातच गेले असं नंतर सांगितलं. वायर कधीकधी फटीच्या ऐवजी वॉल्व्हच्या तोंडातूनच जाते, मग परत मागे. पलीकडे गेली की तिचं टोक कधी एऑर्टातून फासात पकडून बाहेर काढतात म्हणजे दोन्हीकडून ताणलेली दोरी मिळते, तिच्यावरून जाड नळी सरकते. गळती एऑर्टिकला असेल तर हे सगळं पायाच्या धमनीतून उलट बाजूने, जरा सोपं.

मग बटण. निटिनॉल नावाच्या मिश्रधातूच्या तारांची विणलेली गुंडी, नळीत लांबट, बाहेर आली की फुगते. खरं सांगायचं तर बहुतेक वेळा वापरतात ती बटणं रक्तवाहिन्या किंवा मुलांच्या हृदयातली भोकं बंद करायला बनवलेली, ॲम्प्लाट्झर व्हॅस्क्युलर प्लगसारखी, याच कामासाठी खास केलेलं ऑक्लुटेक कंपनीचं पण आहे. हा प्रकार पहिल्यांदा 1992 मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी छापला तेव्हा पण वापरलेली छत्रीसारखी वस्तू दुसऱ्याच कामाची होती. फट चंद्रकोरीसारखी असते, गोल नाही, त्यामुळे एका मोठ्या बटणापेक्षा दोन छोटी शेजारी शेजारी चांगली बसतात. आईला दोन.

बटण वायरला आट्यांनी लागलेलं असतं. सोडायच्या आधी तीन गोष्टी बघतात, गळती कमी झाली का, बटण ओढून हलतंय का, आणि वॉल्व्हच्या पाकळ्या दोन्ही पूर्ण उघडझाप करतायत का. यातलं एक जरी नाही तरी ओढून परत घेता येतं. आटे सोडल्यावर मात्र परत घेणं कठीण.

टिश्यू वॉल्व्ह झिजला असेल तर

इथे फट बुजवायची नसते, जुन्या वॉल्व्हच्या आत नवा घालतात, व्हॉल्व्ह-इन-व्हॉल्व्ह. वायरने एऑर्टिक वॉल्व्ह बसवायची सुरुवात फ्रान्समध्ये रुआंला ॲलन क्रिबिए यांनी 16 एप्रिल 2002 ला केली, आणि काही वर्षांत तेच तंत्र जुन्या टिश्यू वॉल्व्हच्या आत वापरायला लागले. आता वापीच्या मेरिलचा मायव्हॉल पण आहे, त्यामुळे फक्त परदेशी वॉल्व्हवर अडत नाही.

सीटी स्कॅन यात सगळ्यात महत्त्वाचा. एऑर्टिकच्या बाबतीत नवा वॉल्व्ह फुगला की जुन्याच्या पाकळ्या बाजूला रेटल्या जातात, त्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या तोंडावर येतील का हे आधी मोजतात. मायट्रलच्या बाबतीत रक्त बाहेर जायचा रस्ता अडेल का ते. आणि जुना वॉल्व्ह लहान असेल, 19 किंवा 21 चा, तर त्यात आणखी एक घातल्यावर भोक आणखी लहान, दम पूर्ण जात नाही. काही मॉडेलमध्ये जास्त प्रेशरचा बलून फुगवून जुन्याची रिंग तडकवतात, सगळ्यांत ते चालत नाही, म्हणून म्हटलं मॉडेल नंबर शोधा.

पहिल्यांदाच वॉल्व्ह बसवायला निघालेल्या कुणाचा नातेवाईक हे वाचत असेल तर, टिश्यू घालायचं ठरलं तर सर्जनला आत्ताच विचारा की पुढे यात वायरने वॉल्व्ह बसेल एवढी साईज घालताय ना.

घरी आल्यावर

धमनीतून केलं असेल तर पाय सहाएक तास सरळ, शिरेतून असेल तर कमी. आठवडाभर जड उचलायचं नाही, भारतीय पद्धतीच्या संडासला बसणं पण काही दिवस टाळा, जांघेत गाठ आली किंवा काळंनिळं पसरत गेलं तर दाखवा.

आम्हाला वाटलेलं दुसऱ्या दिवसापासून लघवी साफ. तसं झालं नाही, उलट पहिले दहा दिवस रंग गडद झाला आणि आम्ही हादरलो. होतं असं, थोडी गळती बटणाच्या जाळीतून चालू राहते आणि जाळीवर पेशी जास्त फुटतात, जाळी भरत गेली की कमी होतं. बटणावर आतलं अस्तर चढायला तीन ते सहा महिने लागतात. आईचं एलडीएच अडीच महिन्यांनी खाली आलं. काही जणांचं येतच नाही आणि शेवटी ऑपरेशन करावं लागतं, त्यामुळे दर पंधरवड्याला हिमोग्लोबिन आणि एलडीएच करून तारखेसकट लिहून ठेवा, डॉक्टर त्या वहीकडेच बघतात.

आयएनआर मायट्रल मेटलला साधारण 2.5 ते 3.5, एऑर्टिकला 2 ते 3, पण तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांचा. मेथी-पालक बंद करायची गरज नाही, फक्त एका आठवड्यात रोज आणि दुसऱ्या आठवड्यात अजिबात नाही असं करू नका. दाताचं काही करायचं असेल, साधं स्केलिंग पण, तर तासभर आधी अँटिबायोटिक, कृत्रिम वॉल्व्हवाल्यांना हे जन्मभर आहे. दाताच्या डॉक्टरांना खुर्चीत बसायच्या आधी सांगा, तोंड उघडल्यावर नाही.

बटणांचं पण एक कार्ड मिळतं, एमआरआय करायची वेळ आली तर ते दाखवावं लागतं. दोन्ही कार्डं झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट केली, फोटो घरच्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये आहे, आणि कार्डं आता देव्हाऱ्यात नाहीत, आईच्या बटव्यात आधार कार्डाच्या मागे आहेत.